उलट न बोलणारी सून

८ जुलै, मंगळवार

अलिबागच्या प्रशिक्षणात शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, रोज चार ओळी लिहा. दुसऱ्यांच्या मनाची विचारपूस करणाऱ्यांनी स्वतःच्या मनाकडेही बघावं. मागच्या रांगेतून मृणाली हळूच म्हणाली, "ताई, आपल्याला मन कुठलं, आपल्याला ड्युटी." सगळ्या सिस्टर हसल्या. मीही हसले असणार.

विषय होता, उदासीचा आजार आणि मनःस्थितीचे इतर आजार नर्सनं ओळखायचे कसे. आता आमच्या रुग्णालयात ओपीडीला येणाऱ्या प्रत्येकाला दोन प्रश्न विचारायचे. मन उदास, निराश असतं का? आधी आवडायचं त्यात मन लागतं का? उत्तरात काही आढळलं तर पुढचे प्रश्न, झोपेचे, भुकेचे, थकव्याचे. आणि शेवटचा, जगणं नकोसं वाटतं का. बाई म्हणाल्या, हा प्रश्न नर्सच टाळतात. विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरत नाही. सरळ विचारा, आणि उत्तर 'हो' आलं तर त्या माणसाला एकटं सोडू नका.

मी चांगली उत्तरं दिली. बाईंनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. परतीच्या एसटीत मृणाली वाकडी मान करून झोपली आणि मी खिडकीबाहेर बघत आले. काय बघितलं ते आठवत नाही.

१० जुलै, गुरुवार. आषाढ पौर्णिमा

आजपासून वर्षावास. आई (म्हणजे माझ्या सासूबाई, इंदूबाई) पांढरी साडी नेसल्या. तीन महिने मासळी बंद, दुपारनंतर जेवण बंद, संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन. हे त्या दरवर्षी करतात. मी कधी केलं नाही. वॉर्डात आठ-आठ तास उभं राहणाऱ्या बाईला रात्रीची भाकरी लागतेच.

ड्युटीवरून आले, चहा घेतला आणि ताट न वाढता बसून राहिले. भूक नव्हती. हल्ली संध्याकाळी नसतेच. आईंनी स्वयंपाकघरात डोकावून बघितलं. त्यांचे डोळे भरून आले. "तू पन धरलास व्हय गो वर्षावास? सांगितला न्हाईस ता मला."

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण नाही म्हटलं की का जेवत नाहीस ते सांगावं लागणार, आणि ते मलाच माहीत नाही. मी मान हलवली.

१४ जुलै, सोमवार

विहारात आईंनी सगळ्यांना सांगून टाकलं. महिला मंडळाच्या अध्यक्षा वेणूबाई रस्त्यात भेटल्या, म्हणाल्या, "जयमाला, नोकरी करून एवढं पाळतेस. आमच्या सुनांना सांग जरा." मी म्हटलं, बरं.

फुकटचं कौतुक घेतल्याचं वाईट वाटायला हवं. वाटलं तर लिहीन.

२२ जुलै, मंगळवार

आज एक बाई पकडली. पकडली म्हणजे चोर नव्हे, आजार.

मनुबाई, काशीदची. साठीच्या आसपास. किनाऱ्यावर त्यांची घरगुती खानावळ आहे. अंगातून वाफा निघतात, डोक्याला मुंग्या येतात, पायात जोर नाही. वर्षभर ताकदीच्या गोळ्या आणि सुया चालू आहेत. डॉ. अजेयनी पुन्हा तेच लिहिलं. मी माझे दोन प्रश्न विचारले. मनुबाई म्हणाली, "मना काय झायलं नाय. अंगान जोर नाय, बस."

मग मी सोबत आलेल्या सुनेला विचारलं, घरात काही बदल जाणवतो का? ती खुशीत म्हणाली, "नाय हो सिस्टर. उलट आता बरं चाललंय. आधी आई दिवसभर भांडायच्या. मीठ जास्त का, पाहुण्याला तुकडा लहान का वाढलास. आता एक शब्द बोलत नाहीत. घरात शांती आहे."

तिथे माझे कान उभे राहिले. जन्मभर भांडलेली बाई गप्प झाली तर ती शांती नव्हे. मी सुनेला बाहेर बसवलं आणि बाकीचे सगळे प्रश्न विचारले. शेवटचाही. मनुबाई बराच वेळ माझ्या हातातल्या पेनकडे बघत होती. मग म्हणाली, "वाटतं कदी कदी. पन कुनी इचारलंच नाय."

डॉक्टरांना सांगितलं. अलिबागचे मानसोपचाराचे डॉक्टर महिन्यातून एका गुरुवारी आमच्याकडे येतात, पण तोवर थांबायचं नाही म्हणून डॉ. अजेयनी त्यांना तिथल्या तिथे फोन लावला. मुलाला बोलावून घेतलं. औषध सुरू झालं. मनुबाईला घरात कुणी एकटं सोडायचं नाही, हे मी सुनेला दोनदा सांगितलं. ती रडायला लागली. म्हणाली, "मला वाटलं, सुधारल्या."

डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, बरोबर हेरलंत." चांगलं वाटायला हवं होतं.

घरी आईंना सगळं सांगितलं, नाव न घेता. त्यांना अशा गोष्टी आवडतात. दोनदा विचारलं, "भांडायची थांबली म्हंजे आजार? काय सांगतेस!" आणि टीव्ही लावला. त्यांची मालिका गावाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात चालते. यावरून आमची लग्नापासून जुंपते. आज मी शेजारीच बसले होते. मालिका कधी संपली कळलं नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार

नारळी पौर्णिमेची धामधूम. होड्या रंगवून झाल्यात. एका खलाशाच्या पायाला कापलं होतं, टाके घातले. त्यानं जाताना मिठाई दिली. मृणालीनं माझा वाटाही खाल्ला. माझा दुपारचा डबाही हल्ली तीच खाते. "ताई, तुमच्या वर्षावासात माझं वजन वाढतंय," म्हणाली. दुपारी जेवलेलं चालतं, हे तिला माहीत नाही. तिच्या घरी चौलला सुपारीच्या वाड्या आणि सत्यनारायण, वर्षावास नव्हे. मी तिला सांगितलं नाही.

साडीच्या निऱ्या खोचल्यावर बरंच कापड उरतं. पिन लावली.

१६ ऑगस्ट, शनिवार

प्रफुल्ल, माझा नवरा, आला. खाडीपलीकडे म्हसळ्याच्या बाजूला त्याची शाळा, आठवड्याला आगरदांड्याच्या फेरीबोटीनं येतो. मी जेटीवर घ्यायला गेले. फेरीला उशीर होता, वारा होता.

पाण्याकडे बघत उभी होते. सहज मनात आलं, मी नसले तर वॉर्डाच्या ड्युट्या कोण लावेल. मृणाली लावेल, शिकली आहे आता. आईंच्या बीपीच्या गोळ्या? प्रफुल्ल बदली मागून घेईल. लेकीला, प्रज्ञाला, पुण्यात नोकरी लागली आहे, तिचं बरं चाललंय. एकेक माणूस मनातल्या मनात लावून बघितलं आणि सगळं नीट बसलं. हे इतकं नीट बसलं, याचं बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी काहीतरी वाटलं.

फेरी आली. प्रफुल्ल म्हणाला, "बारीक झालीस." मी म्हटलं, वर्षावास. तो म्हणाला, "प्रज्ञा गेल्यामुळे तुला करमत नसेल." तसं नाही. ती गेली तेव्हाही मला काही झालं नव्हतं. तसं काही घडलेलंच नाही. कुणी गेलं नाही, कुणी टाकून बोललं नाही, घर आहे, नोकरी आहे. मनुबाईचा थोरला मुलगा होडीवरून पडून बुडाला होता, तिचं कारण मोठं होतं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

मनुबाई दाखवायला आली. झोप लागते म्हणाली. अजून आवाज खालचाच आहे, पण ओपीडीतल्या बाकावर कुणीतरी पाय पसरून बसलं होतं, त्याला तिनं कोपरानं ढकललं. मी ते डॉक्टरांना सांगितलं. ते हसले. मी गंमत म्हणून सांगितलं नव्हतं.

मला पहाटे फार लवकर जाग येते. पडून राहते. कोंबडा आरवण्याच्या आधी आई उठतात, मग उठते. आईंना वाटतं, वंदनेसाठी उठते. वेणूबाईंपर्यंत तेही पोचलंय.

४ सप्टेंबर, गुरुवार

आज चूक होता होता राहिली.

पुरुष वॉर्डात एक आजोबा आहेत, शुगरचे. जेवणाआधीचं त्यांचं इन्सुलिन मृणालीनं दिलं होतं, मला सांगितलंही होतं. मी "हो" म्हटल्याचं तिला आठवतं. मी पुन्हा भरून घेतलं आणि त्यांच्या दंडाला स्पिरिट लावलं. आजोबा म्हणाले, "पुन्यांदा?" मी म्हटलं, हो. मृणालीनं मागून येऊन माझं मनगट धरलं.

ती मला बाहेर घेऊन गेली. "ताई, जीव गेला असता त्यांचा." मला माहीत आहे की गेला असता. एकवीस वर्षं सुई देते आहे, एकदाही असं झालं नाही. छातीत धडधडेल म्हणून वाट बघत उभी राहिले. धडधडलं नाही. भिंतीवरचा रंग उडाला होता तो बघत होते.

मृणाली म्हणाली, "ताई, उपास सोडा हो तुम्ही. अशक्तपणानं होतंय हे." मी म्हटलं, थोडेच दिवस राहिलेत. डॉ. अजेयना मी स्वतः सांगितलं, लपवलं नाही. ते म्हणाले, घरी जा आणि झोपा. मी झोपत नाही हे सांगायचं राहिलं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

मनुबाईनं आज ओपीडीत जोरात भांडण काढलं. केसपेपरच्या रांगेत कुणी मधे घुसलं म्हणून. मग माझ्याकडे येऊन, "शिस्टर, तुज्या या गोल्यांनी तोंड सुकतं, दुसऱ्या दे!" तिची सून मागे उभी राहून डोळे पुसत होती आणि हसत होती. सुनेनं सांगितलं, काल कालवणात मीठ जास्त झालं म्हणून आईंनी वाटी परत केली. हे तिनं असं सांगितलं की जणू घरात बाळ चालायला लागलं.

मनुबाई निघताना माझ्याकडे बघत राहिली. "तू गं? तू अशी का झालीस?" मी म्हटलं, उपास आहे. ती म्हणाली, "कसला उपास, तीन महिनं?" आणि गेली, एसटी चुकेल म्हणून.

दिवसभर मी कितीतरी लोकांना ते दोन प्रश्न विचारते. आता तोंडपाठ झालेत. विचारताना मी दुसरंच काहीतरी बघत असते.

२७ सप्टेंबर, शनिवार

प्रफुल्लला घ्यायला जेटीवर गेले नाही. कंटाळा आला म्हणून नव्हे. जावंसं फार वाटत होतं, आणि ते प्रफुल्लसाठी नव्हतं. म्हणून गेले नाही.

एवढंच लिहायचं होतं.

७ ऑक्टोबर, मंगळवार. अश्विन पौर्णिमा

वर्षावास संपला. विहारात भोजनदान. वेणूबाईंनी भाषण केलं आणि ज्यांनी पूर्ण तीन महिने पाळलं त्यांना पुढे बोलावलं. तिघी म्हाताऱ्या आणि मी. आईंनी माझ्यासाठी नवी पांढरी साडी आणली होती. वेणूबाईंनी गुलाब दिला. टाळ्या वाजल्या. आई पहिल्या रांगेत होत्या. इतक्या खूश मी त्यांना प्रज्ञाच्या बारशानंतर बघितलं नव्हतं.

मग खीर. पहिली वाटी आम्हा चौघींना, सगळ्यांसमोर. आईंनी स्वतः आणून दिली, मनुके वेचून वर ठेवलेले. "घे. सोड आता."

म्हाताऱ्या खाऊ लागल्या. मी चमचा तोंडात घातला. खीर तोंडात होती आणि ती गिळायची कशी ते आठवेना. गोड लागत नव्हती, कडू लागत नव्हती. सगळे बघत होते. कुणीतरी हसून म्हणालं, सवय मोडलीय बिचारीची. मी उठले, विहाराच्या मागे गेले आणि तोंडातलं टाकून दिलं. वळले तर आई मागे उभ्या होत्या.

त्या माझ्या पुढे चालत घरी आल्या. दारात चपला काढताना म्हणाल्या, "एवढ्या मानसात. मी हातानं दिलेली." मी म्हटलं, चुकलं माझं. आणि आत गेले.

८ ऑक्टोबर, बुधवार

सुट्टी होती. दुपारी आई माझ्या खोलीत आल्या. टीव्ही चालू होता, परत जाऊन बंद करून आल्या. मालिकेच्या मध्यात त्या टीव्ही कधी बंद करत नाहीत. माझ्या पायाशी बसल्या.

"जया, काल मी तुला तोडून बोलले. तू उलट बोलली न्हाईस."

मी उशी नीट केली.

"रातभर आठवत व्हते, तू माज्याशी शेवटची कदी भांडलीस. टीव्हीवरनं न्हाय, भाताच्या पानीवरनं न्हाय. गनपतीत पाहुने आले, मी त्यांच्यासमोर तुज्या आईच्या घराला नावा ठेवली, तू ऐकून घेतलास. पावसाच्या आदीपासनं तू भांडलीच न्हाईस." त्यांनी माझं पाऊल धरलं. "ती काशीदवाली गप झालेली ना? तूच सांगितलास. मी शेजारनीला सांगत फिरले, माजी सून उलट बोलत न्हाय, वर्षावासाचा पुन्य."

काशीदचं नाव मी तेव्हा सांगितलं नव्हतं. पण आमच्या गावात नाव न सांगता काही राहत नाही.

"वर्षावास तू धरला न्हवतास ना?"

मी म्हटलं, "नाही."

"मंग भूक न्हवती."

"नाही."

आई रडल्या. मी त्यांच्याकडे बघत होते. बाईंनी प्रशिक्षणात फळ्यावर लिहिलं होतं ते सगळं ओळीनं डोळ्यांसमोर आलं, झोप, भूक, लक्ष न लागणं, आणि शेवटची ओळ. मला पाठ होतं. कुणाचं वर्णन आहे ते बघितलंच नव्हतं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आज मानसोपचाराचे डॉक्टर येण्याचा दिवस. आई म्हणाल्या, तू ड्युटीवर जायचा न्हाय, तू पेशंट म्हनून जायचा. मी म्हटलं, स्टाफचं आत जाऊन परस्पर दाखवता येतं. त्यांनी ऐकलं नाही. रांगेत उभं राहून माझा केसपेपर स्वतः काढला.

बाकावर बसलो. साध्या साडीत मला कुणी पटकन ओळखत नव्हतं. वेणूबाई गुडघ्याच्या औषधासाठी आल्या होत्या. "अगं जयमाला! उपवासानं अशक्तपणा आला ना? एवढं कडक पाळलंस." आजूबाजूच्या बायका वळून बघू लागल्या. मी नेहमीसारखी मान हलवणार होते.

आई म्हणाल्या, "उपास न्हवता तो. आजारी हाय ती. घरात राहून मला कळला न्हाय." मोठ्यानं म्हणाल्या, टीव्हीच्या आवाजात. काल-परवा याच बाईंनी आईंच्या सुनेला गुलाब दिला होता. वेणूबाईंनी आपली पिशवी उचलून आईंना जागा करून दिली.

आत मृणाली होती. मला समोरच्या खुर्चीत बघून ती आधी हसली, मग केसपेपर वाचला. तिनं दार लोटलं. दोन प्रश्न विचारले. मी उत्तरं दिली. पुढचे विचारले, झोप, भूक, थकवा. प्रत्येक उत्तराला तिचा चेहरा पडत होता. इन्सुलिनचा दिवस तिला आठवला असणार, मलाही आठवला. मग तिनं पेनचं टोपण लावलं आणि म्हणाली, "झालं ताई. सर आत आहेत, मी तुम्हाला लगेच..."

"शेवटचा राहिला," मी म्हटलं.

"राहू दे ना ताई."

"मृणाली, तो टाळायचा नसतो. सरळ विचार."

तिनं टोपण काढलं. खाली बघून म्हणाली, "ताई, तुम्हाला जगणं नकोसं वाटतं का?"

मी इतक्या लोकांना हा प्रश्न विचारला, पण समोरून तो कसा ऐकू येतो ते माहीत नव्हतं. मनुबाई माझ्या पेनकडे का बघत बसली होती ते कळलं. मीही पेनकडे बघितलं.

"हो," मी म्हटलं. "जेटीवर वाटतं. म्हणून गेल्या दोन शनिवारी गेले नाही."

मृणाली उठून माझ्या बाजूला आली आणि माझा हात धरून बसली. तिथूनच हाक मारून तिनं डॉक्टरांना बोलावलं. मला सोडून एक पाऊलही हलली नाही. बरोबर केलं तिनं. तिला मीच शिकवलं आहे.

दार नीट लागलं नव्हतं. आई आत आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. मग पदर काढला आणि ओरडल्याच, "आनि मी? मला त्या घरात एकटीला त्या टीव्हीसमोर बसवून जानार व्हतीस?"

मला काहीतरी वाटलं. काय ते ओळखता आलं नाही, पण वाटलं.

मी म्हटलं, "तुम्ही आवाज कमी करत नाही. किती वर्षं सांगते आहे."

आईंनी डोळे पुसले आणि मृणालीसमोरच्या केसपेपरवर बोट ठेवलं.

"उलट बोलली. लिव ता."